अर्धा कप दूध

हॅलो?… हो, हो, येतंय ऐकू… नाही गं, ऑपरेशन सुरू नाही झालं अजून. तुझी बहीण आत, मी दाराबाहेर. जावई रक्त आणायला गेलेत, खालच्या मजल्यावर…

अगं, पोटातल्या पोटातच करणार. बाळाच्या पाठीला ती फट राहिलीय ना, ती शिवायची आणि हिचं पोट परत बंद करायचं… हो, बाळ आतच… भूल? हिला आहेच, शिवाय बाळालाही वेगळी सुई टोचणार. मांडीत. केवढीशी ती मांडी… नाही, रडत नाहीये. सर्दी झालीय.

अगं ऐक ना. एक घोळ झालाय… आधी ओरडणार नाहीस म्हण… मी सकाळी तिला दूध दिलं.

…अर्धा कप… अगं हो, माहितीये, उपाशी ठेवायचं होतं! चारचारदा बजावलं होतं त्यांनी. पण सकाळी बाळानं लाथ मारली गं! पाय लुळे पडतील म्हणाले होते ना? त्याच पायांनी! ही म्हणाली, आई, भूक लागलीय बघ त्याला. मला आनंदात काही सुचलंच नाही बघ…

विचारलं ना, भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी. काही खाल्लं-प्यायलं का? ही सरळ नाही म्हणाली… मी? मी पिशवीत रुमाल शोधत बसले.

काय?… भुलेत उलटी होऊन?… छातीत जातं?… अर्ध्या कपानं?… तुझ्या सिझेरियनच्या वेळी सांगितलं होतं?… अगं हळू बोल.

पण सांगितलं तर परत पाठवतील! आधीच दोनदा पुढं ढकललंय. आता बाळ आणखी वाढलं की करतच नाहीत म्हणे. मग ते पाय… मी कुणाला वाचवू, तूच सांग. माझ्या पोरीला, की तिच्या बाळाला?

…हो… हो गं… कळलं.

थांब, काचेतून दिसतेय ती. अगंबाई, स्ट्रेचर हलवलं! माझ्याकडेच बघतेय… मान हलवतेय, नको नको म्हणतेय… ओळखलं गं तिनं, मी सांगणार ते.

सिस्टर! अहो सिस्टर, थांबा!… ऐकूच जात नाहीये आत… सिस्टर!… तू ठेव गं फोन. मला दोन्ही हातांनी दार वाजवायचंय.