वारा कुठून आला?

दुष्काळाच्या साली तेलगावच्या दूध सोसायटीत, रांगेत माझ्यापुढं दोघी बोलत होत्या.

“छबुबाई, तोंड का उतरलंय?”

“आमची लेक शिवकन्या बालवाडीत जाती न्हवं? नव्या बाई पोरांना आभाळ बघायला शिकवतात. वारा कुठून आला, ढग कसला हाय.”

“चांगलंच हाय की!”

“पर उठली की बाईकडंच पळती सांगायला. कडेवर घेऊन ढग मी दाखवले, आमिनाबी! मला एक शब्द न्हाई.”

“मग तिथंच जाऊन बसायचं.”

“काल गेलते. बाईंनी इचारलं, आज वारा कुठून? मीबी हात वर केला.”

“या अल्ला! मग?”

“बाई हसल्या अन् शिवकन्यालाच इचारलं.”

“बरोबर सांगितलं का तिनं?”

“लई बरोबर. पर बघत व्हती बाईकडंच.”