मोगरा, शेवंती, लिली आणि एकच कुत्रा

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कोणावर? डॉक्टरवर? वकिलावर? बरं, ठेवा बापडे... पण दुकानदारावर ठेवू नका बुवा! आणि हे सांगतोय कोण, तर मी, ज्याचं स्वतःचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे आणि ज्यानं जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हटलेलं नाही! 'अहो, हा रंग उन्हानं उडेल का?' छे छे! 'धुतल्यावर आटेल का?' काय बोलता! दोन बायकांना एकच शेवटचा तुकडा आवडला, तर दोघींना वेगवेगळं बाजूला घ्यायचं, 'ताई, तुमच्यासाठी काढून ठेवलाय, कुणाला बोलू नका', आणि मग जी आधी येईल तिचा. शाळेत मी फार टिकलो नाही, जे काय शिकलो ते काउंटरच्या मागं उभं राहून, आणि तिथला पहिला धडा हाच, 'नाही' म्हणायचं नाही! दुकानात चाललं हो. तीच अक्कल घरात चालवायला गेलो, आणि एका कुत्र्यानं माझी अब्रू भररस्त्यात काढली.

कुत्रा आणला आईसाठी. त्याचं असं झालं, वडील गेले आणि आईनं बोलणंच टाकलं. म्हणजे 'दार लाव', 'पंखा बंद कर' एवढं बोलायची, पण गप्पा? बंद! दुपारभर आपली खिडकीशी बसून. डॉक्टर म्हणाले, घरात काहीतरी हलतं-बोलतं आणा. मी म्हटलं, डॉक्टर, मी हलत-बोलत नाही का? तर ते नुसते चष्मा पुसत राहिले. असो. तर हा आला. पिल्लू म्हणून आणला, पण पिल्लू कसलं, चार पाय फुटलेली गादीची वळकटी! एक कान वर, एक कान खाली, आणि शेपटी अशी की चहाच्या कपांनी भिंतीआड लपून बसावं. पण खरं सांगतो, आई बोलायला लागली! त्याच्याशी. वडील कसे घोरायचे इथपासून मी लहानपणी कुठं कुठं तोंडावर आपटलो इथपर्यंत सगळं त्याला सांगायची, आणि तोही ऐकायचा, मान तिरकी करून. मी दाराआड उभा राहायचो. म्हटलं, हा कुत्रा गेला तर आईची दुपार गेली. याला जपायचं.

आणि या जपलेल्या कुत्र्यानं पहिल्याच आठवड्यात काय करावं? गॅलरीतली फुलं खाल्ली! सगळी! कळी नाही ठेवली, देठ नाही ठेवला, कुंड्यांमधून माती उपसून वर आपण आडवा!

बायको स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणाली, "माझा मोगरा गिळलाय ना यानं? मग याचं नाव मोगरा. निदान हाकेला तरी मोगरा राहू दे घरात!" मी म्हटलं, "वा! ठरलं! पण इतक्यात कुणाला बोलू नकोस हं, योग्य वेळी मीच जाहीर करतो."

बाहेर आलो तर आई. खिडकीशी. "तुझ्या वडलांनी लावलेली होती रे ती शेवंती. शेवंती म्हणू या का याला?" आता सांगा, आईला, त्या आवाजाला, 'नाही' म्हणाल? "ठरलं आई! पण इतक्यात कुणाला..."

मग लेक कॉलेजातून आली. "पप्पा, माझी लिली! पहिलीच कळी होती! याचं नाव लिलीच, नाहीतर मी तुमच्याशी बोलणार नाही!" म्हटलं, "अगं पण तो मुलगा आहे." "मग? त्याला काय कळतंय?" खरंच की, त्याला काय कळतंय! "ठरलं बेटा! पण इतक्यात..."

गिऱ्हाईक कोण का असेना, 'नाही' म्हणायचं नाही!

आणि काय सांगू, आमच्या घराचं हेरखातं झालं. जो तो कुजबुजतोय! सकाळी गॅलरीतून, "मोगऱ्या... ए मोगऱ्या..." दुपारी खिडकीशी, "शेवंते, ये गं..." संध्याकाळी लेकीच्या खोलीतून, "लिली, लिली, लिली..." प्रत्येकीला वाटतंय आपलंच नाव ठरलंय, दुसऱ्यांना ते अजून कळायचंय. आणि कुत्रा? कुत्रा ढिम्म! कुठल्याच फुलाला कान हलवीना! शेवटी बायको म्हणाली, "अहो, याला ऐकू येत नाही वाटतं." आई म्हणाली, "मलाही तेच वाटतं." लेक म्हणाली, "मलापण!" तिघींचं एकमत... आणि मी, शहाणा, तेव्हाच खरं बोलून टाकावं की नाही? नाही! म्हटलं, "हो हो, कान दाखवू या!"

तर आम्ही सहकुटुंब जनावरांच्या दवाखान्यात. बाकावर एक गृहस्थ पोपट घेऊन, एक बाई मांजर घेऊन, आणि आम्ही. कंपाउंडर आतून आला. "पेशंटचं नाव?"

मी म्हटलं, "माझं?"

"तुमचं कशाला? कुत्र्याचं!"

आणि तिघी एका दमात, "मोगरा!" "शेवंती!" "लिली!"

पोपटसुद्धा गप्प. कंपाउंडरनं आमच्या मागं वाकून बघितलं, बाकीचे दोन कुठं आहेत म्हणून. मांजरवाल्या बाईंनी अगदी मायेनं विचारलं, "तिळे का हो?" आणि तिघींनी... सावकाश... माझ्याकडं मान वळवली.

"अहो, काय हे?"

"तू मला ठरलं म्हणालास."

"पप्पा!!"

आता माझं असं आहे, गिऱ्हाईक चिडलं की मला दोन्ही हात लागतात. कापड पसरून दाखवायची सवय ना! "अहो, ऐका तरी, एक मिनिट, समजून घ्या..." म्हणत मी दोन्ही हात पसरले, पट्टा सुटला, त्याच वेळी दारातून कुणी बकरी आत आणत होतं, आणि आमची वळकटी त्या बकरीच्या पोटाखालून बाहेर! गेली!

आई नुसती म्हणाली, "गेला रे." बस. आणि तोच जुना आवाज, 'पंखा बंद कर'वाला.

मग काय, रस्त्यावर आमची वरात! बायको पुढं, "मोगराऽऽ!" लेक त्या गल्लीत, "लिलीऽऽ!" आई माझा दंड धरून, "शेवंतीऽऽ!" आणि मी मध्ये, कुठलं नाव घेऊ? एक घेतलं की दोघी बघणार! मी आपला तिन्ही घेत सुटलो, "मोगरा! शेवंती! लिली!" तर वरच्या गॅलरीतून एका बाईंनी दोरीला बांधून टोपली सोडली की हो! "लिली कशी दिली?" आणि ही जीभ, ही! घाबरलोय, धापा टाकतोय, कुत्रा हरवलाय, आणि ही म्हणते, "आत्ताच संपली ताई, उद्या नक्की आणतो!" कारण 'नाही' म्हणायचं नाही!

चौकात वळलो आणि पुढून किंकाळी. फुलवालीचं दुकान. निशिगंधाची बादली, तिच्यात मानेपर्यंत आमचं ध्यान, आणि मागची शेपटी गुलाबांना झोडपतेय! आम्ही चौघं ओरडलो, सगळी फुलं ओरडलो, त्यानं वळूनही बघितलं नाही. बादली आडवी करून तो पुन्हा रस्त्याकडं निघाला, समोरून टेम्पो येतोय, आईची बोटं माझ्या दंडात रुतली... आणि फुलवालीनं बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली,

"अरे मेल्याऽऽ!"

कुत्रा जागच्या जागी थांबला. दोन्ही कान वर! वळला, धावत आला, तिच्यापुढं बसला आणि पंजा दिला! काय तो लाडका चेहरा... अखेर कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारली!

कारण खरंच, पहिली कुंडी फुटली तेव्हा बायको काय ओरडली होती? आईची चप्पल चावली तेव्हा आई? लेकीची अभ्यासाची वही फाडली तेव्हा लेक? आणि माझ्या गिऱ्हाइकाच्या पडद्यावर... जाऊ द्या. फुलाचं नाव चोरून, कुजबुजत. हे मात्र चौघांनी, उघड, खणखणीत, रोज!

आई फुलवालीच्या स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, आई, बरी आहेस ना? तर म्हणते, "अरे, तुला तरी लहानपणी मी दुसरं काय म्हणायचे?" फुलवालीसमोर! लेकीसमोर!

तेच नाव पक्कं झालं. ठरवलं तिघींनी, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. काल दुपारी मी जरा पाठ टेकली होती, आणि खिडकीतून हाक आली, "अरे मेल्या, इकडं ये रे!"

तुम्हाला सांगतो... आम्ही दोघंही धावलो.

आईच्या हातात बिस्किट एकच. तेव्हा मंडळी, आता घरी जाऊन तुम्ही माझा हिशोब मांडालच. मांडा, पण प्रामाणिकपणे मांडा. तिन्ही थापा माझ्या नावावर लिहा, आई हसली तेवढं जमेला धरा, आणि ते बिस्किट... ते कुत्र्याच्या खात्यावर. तो माझ्या आधी पोचला होता.