मोठं माणूस घिऊन ये

मी मूळची गुंजीची, ठेसनापलीकडं आमचं घर हुतं, लगीन होऊन हिकडं बोरगावात आले, आन् मालक गेल्यापासनं हे किराणा दुकान मीच बघते. दिवाळीला दारात बाकडं टाकून फटाके बी ठेवते, मालकांच्या येळंपासनंच ठेवतोय आम्ही.

दोन सालामागं शेजारच्या राजीचा हात भाजला. राजी म्हंजे सुमनआक्काची धाकटी, चौथीत हुती तवा. कोपऱ्यावरच्या दुकानातनं एकलीच जाऊन भुईनळा आणला, पेटंना म्हणून उचलून बघाय गेली, आन् हातातच भडकला की त्यो. काय सांगू तुम्हास्नी, ते वरडणं अजून कानात हाय. बेळगावच्या दवाखान्यात लई दिवस ठेवलती, पर उजव्या हाताची दोन बोटं चिकटली ती चिकटलीच.

मग मी एकल्या पोरांना फटाके देऊ नका म्हणत दुकानादुकानात हिंडले. कोपऱ्यावरचे मल्लप्पाअण्णा, त्येंच्याच दुकानातला त्यो भुईनळा, कन्नडमधनं म्हणाले, आक्का, मी न्हाय दिलं तर पोरं निपाणीसनं आणतील, मग काय करशील? मी म्हटलं आणूद्यात, आपल्या हातनं नको. त्येनी मान खाली घातली, मग व्हय म्हणाले. तवापासनं ठरलंय, मोठं माणूस संगं असल्याबिगर पोरांना फटाके द्यायचे न्हाईत. पर मोठं कोण, ह्येचाच घोळ! मिसरूड फुटलेला सातवीतला निघतोय, आन् एका बुटक्या बाईला मी जा गं, आईला घिऊन ये म्हटलं, तर ती म्हणाली, मलाच दोन पोरं हाईत.

ह्या दिवाळीला राजीच आली बघा. काकू, फुलबाज्यांचं पाकीट दे की. म्हटलं तुला भ्या न्हाय वाटत व्हय गं? तर म्हणती, वाटतंय की, पर समदी पोरं अंगणात आन् मला खिडकीत बशिवत्यात. म्हटलं मोठं माणूस घिऊन ये. तर रडाय लागली, आई न्हाय यायची, फटाक्याचं नाव काढलं तरी ती जेवत न्हाय.

मग दुकान तसंच टाकून मी तिला घिऊन सुमनआक्काकडं गेले. आक्का माझ्यावरच खवळली, तूच पोरांना देऊ नका म्हणून गावभर हिंडलीस, आन् आता तूच हिला घिऊन आलीस? म्हटलं, समदी पोरं अंगणात आन् ही खिडकीत, म्हणून मोठं माणूस न्यायला आलोय. मग आक्का उठली, माझ्यामागनं दुकानात आली, स्वतः पाकीट घेतलं. अंगणात राजीचा त्योच हात आपल्या हातात धरून फुलबाजी पेटिवली, आन् आक्कानं डोळं गच्च मिटून घेतलं. राजी हासत हुती. मी पाण्याची बादली घिऊन हुभी, निम्मं पाणी माझ्याच पायावर सांडलं.

आता तुम्हीच सांगा, बरं केलं का वाईट? मल्लप्पाअण्णा म्हणत्यात नेम पाळलास, माझं मन म्हणतंय भाजल्याली पोरगी परत आगीजवळ नेलीस. मला काय बी कळंना झालंय. एकटं पोर आलं तर अजून बी मी परतच लावते. सगळ्यांच्या पोरांचे हात धड राहूद्यात, एवढंच देवाला म्हणते, बाकी त्येलाच ठावं.