पुढची दोन चाकं ट्रॉलीवर

लेलँड : ही गाडी मोटरहोममागे बांधून कुठून ओढत आणलीत म्हणालात?

ड्वेन : फार लांबून नाही. क्वार्ट्झसाइटहून.

लेलँड : म्हणजे साडेतीनशे मैल. साहेब, होलब्रुकला माझं यार्ड आहे. तिथे येणारी प्रत्येक मोडकी गाडी 'फार लांबून नाही' आलेली असते.

ड्वेन : तुला टो करायला बोलावलंय. भाषण मागवलं नव्हतं.

लेलँड : भाषणाचे वेगळे पैसे घेत नाही मी.

रोबर्टा : बोलू दे रे त्यांना. मलाही ऐकायचंय. मागून धूर निघत होता तेव्हा एका ट्रकवाल्याने तीनदा हॉर्न दिला. तर हा काय म्हणाला असेल? म्हणाला, लोकांना आपलं हे चाकांवरचं घर, हे मोटरहोम फार आवडतं. आणि खिडकीतून हात हलवला.

ड्वेन : आरशात धूर दिसत नव्हता, रोबर्टा.

रोबर्टा : आरशात तुला तूच दिसत होतास.

लेलँड : बाई, नीट सांगतो. ही गाडी चारही चाकांनी पळणारी. पुढची चाकं आणि मागची चाकं आतून एकाच दांड्याने जोडलेली. यांनी पुढची दोन उचलून ट्रॉलीवर आवळून बांधली, मागची दोन रस्त्यावर सोडली. मागची म्हणतात पळायचंय, पुढची म्हणतात हलायचं नाही. दोघांना जोर वाटून देणाऱ्या मधल्या डब्यात त्यांची मारामारी. ती साडेतीनशे मैल चालली.

ड्वेन : गिअर न्यूट्रलमध्ये होता. मी स्वतः टाकला होता.

लेलँड : न्यूट्रलने इंजिन सुटं झालं. त्या डब्याला कोणी कळवलं? आतलं तेल उकळून बाहेर आलंय. हा वास त्याचाच आहे. अजून वीस मैल गेला असतात तर पेटलीच असती, आणि तिच्या पुढ्यात तुमचं घर.

ड्वेन : चाळीस वर्षं ओढतोय मी गाड्या.

रोबर्टा : चाळीस वर्षं गालिचे विकलेस तू. ओढले असतील तर गालिचे.

लेलँड : जुन्या गाड्यांना नुसत्या पुढच्या चाकांनी जोर मिळायचा. त्या खुशाल अशा ओढाव्यात. ही तसली नाही. मागच्या दारावर 'ऑल व्हील ड्राइव्ह' असं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय की.

ड्वेन : ते जाहिरातीसाठी लिहितात.

रोबर्टा : लेलँड, ही आज चालेल का? कशीही. रखडत चालली तरी चालेल.

लेलँड : आज नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. तो अख्खा डबा बदलावा लागेल, तोही मिळाला तर. घाई कसली आहे?

रोबर्टा : उद्या सकाळी सहाला मला अल्बुकर्कीच्या हॉस्पिटलात पोचायचंय. बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. कॉनी नाव तिचं. ना नवरा, ना मूलबाळ. आत नेण्याआधी मी तिच्यासमोर असावं, एवढं एकच मागणं केलंय तिने मला अख्ख्या जन्मात. आमचं ठरलं होतं, मोटरहोम गावाबाहेरच्या तळावर लावायचं आणि तिथून मी ही गाडी घेऊन जायचं.

ड्वेन : फोन कर ना तिला. समजून घेईल. ऑपरेशन डॉक्टर करणार आहेत, तू थोडीच करणार आहेस.

रोबर्टा : ऐकलंत? सेहेचाळीस वर्षं असंच ऐकतेय मी.

लेलँड : गाडीचे कागद लागतील मला. या समोरच्या कप्प्यातच असतील ना?

ड्वेन : थांब, मी देतो.

लेलँड : सापडले. बरोबर हे माहितीचं पुस्तकही आहे. यातल्या एका पानाचा कोपरा दुमडलाय. वाचतो. 'ही गाडी दोन चाकं उचलून ओढू नये. ओढायचीच असल्यास चारही चाकं जमिनीवरून उचलावीत.' खाली रेघ मारलीय. तुम्हीच मारली असणार. मग बाई, माहीत होतं तर यांना अडवायचं ना.

रोबर्टा : ट्रॉली भाड्याने देणाऱ्या मुलीनेही सांगितलं होतं याला. माझ्या देखत. तर तिला म्हणाला, पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून ओढतोय. मला वाटलं, याला खात्री असेल. ते पुस्तक मी कधी उघडलंदेखील नाही. बघू ती रेघ.

ड्वेन : कुणीतरी मारली असेल. गाडी जुनी घेतलीय आपण.

रोबर्टा : जाड, चपटी पेन्सिल. गालिचे मापायची. तुझ्या शर्टाच्या खिशात आहे ती आत्ता.

(हायवेवरून एकामागून एक दोन ट्रक जातात.)

रोबर्टा : वाचलं होतंस तू.

ड्वेन : वाचलं होतं.

रोबर्टा : आणि तरी बांधलीस.

ड्वेन : ती पुस्तकं वकील लिहितात, रोबर्टा. जरा जास्तच घाबरवतात. म्हटलं, एवढं अंतर निघून जाईल.

रोबर्टा : मी तुला म्हटलं होतं, ओढू नकोस, मी मागून चालवत येते. चार वेळा म्हटलं. सांग ना, काय बिघडलं असतं?

ड्वेन : गेल्या एप्रिलमध्येही मागूनच येत होतीस.

रोबर्टा : बरं, मग?

ड्वेन : फ्लॅगस्टाफला मी पुढे गेलो आणि तू वळलीस. अकरा दिवस कॉनीकडे. मी तळावर एकटा. शेजारचे विचारायचे, तर सांगायचो, दूध आणायला गेलीय.

रोबर्टा : अकरा दिवस दूध.

ड्वेन : दुसरं काय सांगणार? बायको टाकून गेली म्हणू? म्हटलं, या वेळी गाडी ट्रॉलीवर बांधली की तू निदान माझ्यासोबत तरी राहशील.

रोबर्टा : म्हणून गाडी जाळलीस.

ड्वेन : जाळायची नव्हती मला.

रोबर्टा : तिथे कॉनीला पट्ट्यांनी बांधून आत नेणार आहेत, आणि इथे तुला शेजाऱ्यांची लाज. बाईमाणूस पळून जाऊ नये म्हणून चाकं आवळणारा पुरुष मी आजच पाहिला. आणि त्यालाही ते धड जमलं नाही.

लेलँड : मी जरा पलीकडे जाऊन उभा राहतो.

रोबर्टा : जाऊ नका. गाडी आणि ट्रॉली मोटरहोमपासून सोडवायला किती वेळ लागेल?

लेलँड : दहा मिनिटं.

रोबर्टा : सोडवा.

ड्वेन : बरोबर आहे. लेलँड गाडी नेईल, आपण मोटरहोम घेऊन त्याच्या यार्डात जाऊ. मग शांतपणे काय ते ठरवू.

रोबर्टा : मोटरहोम अल्बुकर्कीला चाललंय. मी नेतेय.

ड्वेन : तू? छत्तीस फुटांचं धूड आहे ते.

रोबर्टा : तुझी कंबर धरली होती तेव्हा युमाहून कोणी आणलं होतं? तू मागे पलंगावर कण्हत होतास.

ड्वेन : तो रस्ता सरळ होता.

लेलँड : हाही सरळच आहे साहेब. अल्बुकर्की येईपर्यंत वळण म्हणून नाही. बाई, हॉस्पिटलच्या मागच्या बाजूने आत शिरा. मोठ्या गाड्यांना तिथे जागा असते. माझी मावशी होती तिथे, दोन महिने मी ट्रक लावायचो.

ड्वेन : मग मीही येतो. बाजूला बसेन. एक शब्द बोलणार नाही.

रोबर्टा : तू बोलला नाहीस म्हणूनच आपण इथे उभे आहोत, ड्वेन.

ड्वेन : आणि मी कुठे जाऊ?

लेलँड : साहेबांना मी होलब्रुकला सोडतो. मोटेल आहे. स्वच्छ असतं.

ड्वेन : रोबर्टा. ऑपरेशन झालं की फोन करशील ना?

रोबर्टा : तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या सिंकवरच्या कप्प्यात आहेत. सगळ्याच काढून घे.