नळ कधी आला

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर माय-लेकी नंबर लागायची वाट बघत होत्या. लेकीच्या मांडीवर तिचं पोर झोपलं होतं.

“आता दुसऱ्याचं मनावर घे बाई.”

“आई, आमची खोली बघितलीस ना? पाय लांब केले की शेगडीला लागतात.”

“आम्ही काय महालात राहत होतो? चौघं वाढवलीच की!”

“थोरली तिघं डोंगर उतरून पाणी आणायची, शेळ्या राखायची. याला तर शाळेत सोडायला गेलं तरी माझी कारखान्यातली पाळी चुकते.”

“तेही खरंच म्हणा. थोरली सासरी गेली की हंडा कोण उचलणार, या धास्तीनं तर चौथ्यांदा दिवस जाऊ दिले.”

“आणि गावात नळ कधी आला?”

“तू रांगायला लागलीस तेव्हा. मग कशाला हवं होतं पाचवं?”

“म्हणजे नळ दोन वर्षं आधी आला असता तर...”

“तर तू नसतीसच.”

“आई!”

“ओरडू नकोस, पोर उठेल. त्या नळवाल्यांना उशिरापायी लाख शिव्या घातल्यात मी. पण बरंच केलं मेल्यांनी.”