लिंबापुरती चालणारी कॉन्टेसा

परवाची गंमत ऐका. पुण्याचं एक पावणं दारात आलं. म्हणालं, "आजी, कॉन्टेसा गाड्या किती उरल्यात ते मोजतोय. पण चालणाऱ्याच. तुमची चालते?"

आमचे हे गेल्यापासनं गाडी दारातच उभी. तरी म्हटलं, "दसऱ्याला चालती की!"

"कुठपर्यंत?"

"चाकाखालचं लिंबू फुटंस्तोवर. पूजा झाली की तालमीची पोरं ढकलत्यात. मी आत बसती."

पावणं हसलं. "म्हणजे स्टेअरिंग तुमच्या हातात?"

"न्हाय वो. मी डावीकडं, माझ्या जागेवर."

"मग स्टेअरिंगला कोण?"

"कोण न्हाय. ती ह्यांची जागा. तेवढंच ह्यांच्यासंगं फिरून आल्यागत वाटतं."

पावण्यानं वही काढून एक रेघ मारली. मग म्हणालं, "आजी, धरली तुमची चालणाऱ्यांत."