देवीच्या मुखवट्याआड

माझं माहेर शहापूरकडचं, दिली मुरबाडात, सिद्धगडाच्या पायथ्याला, भातवाल्या घरात. शाळा नाय बघितली, अक्षरं मागनं लेकाच्या पुस्तकावरनं गिरवली. तुमी लिहून घेताय तर गोड करून लिहू नका, मला त्या दोघांचा राग आहे, तो राग तसाच ऱ्हाऊ द्या.

दोघं म्हणजे माझा दीर बाळू आणि जाऊ कुसुम. आमच्या गावात बोहाडा होतो, तुमाला माहीत नसेल तर सांगते, देवांचे आणि दैत्यांचे मुखवटे घालून गडी नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं तो मान ठरलेला. शेवटच्या दिवशी उजाडता देवी येते, म्हैसासुराला मारते, मग बोहाडा संपतो. देवीचा मान आमच्या घरात थोरल्याचा, म्हणजे आमच्या ह्यांचा. धाकट्याला म्हैसासुर. दरसाल अख्ख्या गावासमोर बाळू ह्यांच्या पायाशी आडवा पडायचा, पोरं शिट्ट्या मारायची, आणि खरं सांगते, त्याच्यासारखं मरायला कुणाला जमायचं नाय. पण कुसुमला ते बघवेना. चुलीशी बसून मला ऐकू जाईल असं बोलायची, किती वर्षं पडायचं पायाशी, अंगात बळ तुमच्या आणि आरती त्यांची, देवी नाचवणाऱ्याला गाव विचारतं, दैत्याला कोण विचारतो? बाळू आधी बोलायचा, गप गो, दादा आहे तो माझा. मग नुसतं गप गो बोलायला लागला. मग तेवढंही नाय.

देवी नाचवणाऱ्याचा नेम कडक. सोंगाआधी देवळात भुईवर निजायचं, उपास धरायचा, दारूचा थेंब नाय. त्या वर्षी ह्यांच्या वळकटीतनं मोहाच्या दारूची बाटली निघाली. काढली कोणी? बाळूनं. नाचाच्या रिंगणात गावासमोर उभा राहून बोलला, दादाला पिताना मी डोळ्यांनी बघितला. बाटलीच्या तोंडाला निळ्या लुगड्याची चिंधी कोंबलेली, ते लुगडं कुसुमनं मुरबाडच्या बाजारात घेतलं तेव्हा मी बाजूला उभी होती! मी ओरडली, तर पंच बोलले, बाईमाणसानं मधी पडू नये. आणि हे काय बोलले, तर काय नाय. घरी आल्यावर बोलले, धाकट्याला गावात खोटा पाडून मी कुठं जाऊ? मला तेव्हा ह्यांचाही राग आला, अजून आहे, काय सांगू तुमाला.

देवी बाळूला गेली. मग दैत्य कोण? सोंग रिकामं ठेवता येत नाय, तर पंच बोलले थोरल्यानं म्हैसासुर घ्यावा, आणि ह्यांनी घेतला. उजाडलं, संबळ वाजायला लागला, मी आरतीचं ताट घेऊन रिंगणाच्या अगदी कडेला. हे नाचत आले, गुडघ्यावर बसले, मान खाली घातली. देवीनं तलवार उचलली आणि हात वरच. संबळवाला तोच ठेका फिरून फिरून वाजवतोय, लोक बघतायत, लाकडाची तलवार तशीच वर. तेव्हा दैत्याच्या मुखवट्यातनं ह्यांचा आवाज आला, हळूच, शेतावर बाजूबाजूला काम करताना बोलायचे तसा, मार रे बाळू, लोक थांबलेत.

तलवार हातातनं पडली. ह्यांनीच ती उचलून त्याच्या हातात दिली, आणि पडले.

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दैत्याचं सोंग दुसऱ्या घराला गेलं, पण बाळूचा हात काय खाली येत नाय, मागनं कोणीतरी मनगट धरून तलवार खाली आणतो. आणि ती कुसुम, सोंगाआधी देवीचा मुखवटा पुसत बसते, रंग निघाला तरी पुसते, बोलते दारूचा वास येतोय. मी नाक लावून बघितलं, मला नुसता रंगाचा येतो.

यंदा बोहाड्याआधी दोघं माझ्या ओटीवर आले. बाळू बोलला, वहिनी, बाटली आमीच ठेवली होती, आता मान विलाससाठी घ्या, माझ्याच्यानं होत नाय. विलास माझा लेक, वाशिंदला कंपनीत आहे, देवी नाचवायची हौस त्याला लहानपणापासनं. पण मी बोलली, घेते, आधी जिथं खोटं बोललास तिथं उभा राहून हेच बोल. कुसुम बोलली, या वयात लोक तोंडात शेण घालतील बाई, मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो? मी बोलली, मला पडतो. गुपचूप मान दिलात तर गाव बोलेल, दारुड्याच्या पोराला दया करून दिला. चहा घ्या, पण कपबशा तुमच्या तुमी धुवा.

बाळूनं रिंगणात काय कबूल केलं नाय. सोंग परत त्यानंच घेतलं. उजाडता देवळातनं देवी निघाली, आमच्या दारात थांबली. मी ओवाळलं, देवीवर माझा राग नाय. मुखवट्याच्या आत रडणं ऐकू आलं. देवी पुढं जाईना. वहिनी, बोलला, एकदा माफ केलं म्हणा.

मी ताट खाली केलं आणि बोलली, चल रे बाळू, लोक थांबलेत.

विलास माझ्या मागं उभा होता, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुमी एवढं लिहून घेतलंत, तुमचं भलं होवो, लेकरं सुखी ऱ्हावोत. त्या दोघांना द्यायला माझ्याकडं आशीर्वाद नाय. बाळूनं रिंगणात तोंड उघडलं तर बघू, तोवर दरसाल ताट घेऊन मी दारात उभी आहेच.